ग्रीनव्हिलचा टेलर : दुकानातून गव्हर्नरच्या खुर्चीपर्यंत

निवडणुकीचे दिवस आले की आपल्या बाजारपेठेत एक वाक्य हमखास ऐकू येते : "एकदा आपल्या धंद्यातला माणूस वर गेला पाहिजे, मग बघा." वकील आणि जमीनदार यांना आपल्या अडचणी काय कळणार, जो स्वतः गल्ल्यावर बसला, ज्याने उधारी वसूल केली, ज्याच्या बोटाला सुई टोचली, तोच आपले दुःख जाणेल, असा त्यामागचा विचार. विचार चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तो पुरेसा आहे काय, हे तपासून पाहण्यासारखे आहे. त्यासाठी अमेरिकेतील एका टेलरची हकीकत आम्ही व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे ठेवत आहोत. त्याचे नाव अँड्र्यू जॉन्सन. टेनेसी राज्यातील ग्रीनव्हिल या लहानशा गावात त्याचे दुकान होते. तेथून तो नगरपालिकेत, विधानसभेत, राज्याच्या गव्हर्नरच्या खुर्चीवर आणि शेवटी देशाच्या अध्यक्षपदावर गेला. शाळेत मात्र एक दिवसही गेला नाही.

करारात बांधलेला पोर

जॉन्सनचा जन्म २९ डिसेंबर १८०८ रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील राले या शहरात झाला. बाप हमालीसारखी पडेल ती कामे करणारा. बुडणाऱ्या माणसांना त्याने पाण्यातून वाचवले, पण त्यानंतर थोड्याच दिवसांत, १८१२ साली तो वारला. मागे आई आणि दोन मुलगे राहिले. आई विणकाम करी, लोकांचे कपडे धुई आणि घर चालवी. कमाई पुरेना, म्हणून तिने मुलांना एका टेलरच्या हाताखाली दिले.

हे "हाताखाली देणे" आपल्याकडच्या शागिर्दीसारखे नव्हते. आपल्याकडे पोरगा उस्तादाच्या दुकानात बसतो, पहिले काही महिने चहा आणतो, काज-बटण करतो, मग हातात कात्री मिळते. पटले नाही तर दुसरे दुकान धरतो. तेथे कायदेशीर करार होत असे. मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत मालकाचा. मालकाने खायला घालायचे, कपडे द्यायचे, हुन्नर शिकवायचा. मुलाने मजुरीशिवाय राबायचे. मुलगा पळाला तर कायद्याने त्याला धरून आणता येई.

सुमारे दहाव्या वर्षी अँड्र्यू असा बांधला गेला. त्या दुकानात एक चांगली रीत होती. टेलर पाय दुमडून शिवत बसत आणि गावातील कोणी शिकलेला माणूस येऊन त्यांना मोठ्याने वाचून दाखवी. त्यात नामांकित वक्त्यांच्या भाषणांचे एक पुस्तक होते. ते ऐकताना अँड्र्यूला वाचनाची ओढ लागली आणि तो अक्षरे जुळवून वाचायला शिकला.

१८२४ साली पंधराव्या वर्षी एका घरावर दगड मारण्याच्या खोडीवरून भानगड होईल या भीतीने तो आणि त्याचा भाऊ दुकानातून पळाले. मालकाने २४ जून १८२४ रोजी जाहिरात दिली : दोघांना आणून देणाऱ्यास दहा डॉलर इनाम, आणि एकट्या अँड्र्यूला आणले तरी तेवढेच. या मुलांना कोणी आसरा किंवा काम देऊ नये, असा इशाराही त्यात होता. म्हणजे हातात हुन्नर आहे, पण त्या मुलखात कोणी उघडपणे कामाला ठेवणार नाही, अशी त्याची अवस्था झाली. शेजारच्या राज्यात काही काळ शिवणकाम करून तो परत आला आणि मालकाशी तडजोड करायचा प्रयत्न केला. ती जमली नाही. अखेर १८२६ साली आई आणि सावत्र बापासह एका लहान गाडीत सामान टाकून तो डोंगर ओलांडून पश्चिमेला टेनेसीत गेला.

वाचकांनी हा करार आणि ही जाहिरात लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

दुकान हीच शाळा

ग्रीनव्हिलमध्ये त्याने दुकान टाकले आणि १७ मे १८२७ रोजी एलायझा मॅककार्डल या मुलीशी लग्न केले. नवरा अठरा वर्षांचा, बायको सोळा वर्षांची. ती एका चांभाराची मुलगी, बाप वारलेला, पण शिकलेली. तिने नवऱ्याला लिहिणे आणि हिशेब शिकवले. तो शिवत असताना ती त्याला वाचून दाखवी. पुढे धंदा बरा चालू लागला तेव्हा तो मजुरी देऊन वाचणारा माणूस ठेवू लागला. कारागिराला डोळे कामावर ठेवावे लागतात, पण कान मोकळे असतात. या माणसाने कानांनी तालीम घेतली. गावाजवळच्या कॉलेजात वादविवाद मंडळ होते, तेथेही तो भाग घेण्यासाठी पायी जाई.

धंद्यात तो चोख होता. माल ठरल्या दिवशी द्यायचा आणि कपडा अंगाला बरोबर बसला पाहिजे, ही दोन तत्त्वे त्याने पाळली. पुढे मोठ्या सभांतून तो हे अभिमानाने सांगत असे. आम्ही कापडाच्या धंद्यात असल्यामुळे आम्हांस या दोन गोष्टींची किंमत ठाऊक आहे. कापड कितीही भारी असो, लग्नाच्या आदल्या दिवशी शेरवानी तयार नसेल तर ते गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. १८३१ साली जॉन्सनने दुकानाची इमारत विकत घेतली. हाताखाली कारागीर ठेवले. नफा उडवला नाही. घर, मोकळ्या जागा आणि आईसाठी शेत घेतले.

त्याचे दुकान गावाचा अड्डाही झाले. माप द्यायला आलेला माणूस दोन घटका बसे, राजकारणावर बोले. सुतार, लोहार, चांभार, गाडीवान असे कारागीर तेथे जमत. गावची सत्ता बड्या घरांच्या हातात होती. कारागिरांनी आपले उमेदवार उभे करायचे ठरवले आणि १८२९ साली जॉन्सन नगरपालिकेवर निवडून आला. १८३४ साली तो नगराध्यक्ष झाला आणि १८३५ साली टेनेसीच्या विधानसभेत गेला. तेव्हा त्याचे वय सव्वीस होते.

पहिला धक्का : रेल्वे

विधानसभेत पहिल्याच खेपेस त्याला ठेच लागली. त्याच्या भागात रेल्वे आणावी आणि राज्याने त्यासाठी पैसा द्यावा अशी मागणी होती. जॉन्सनने विरोध केला. सरकारी पैसा कंपन्यांच्या घशात जाईल, आणि मालाच्या गाड्या हाकणारे व रस्त्यावर खानावळी चालवणारे यांचा धंदा बुडेल, असे त्याचे म्हणणे. ऐकायला हे गरिबाच्या कैवाराचे वाटते. पण पूर्व टेनेसी हा डोंगरांनी वेढलेला भाग. तेथील शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला माल बाहेर काढायला रस्ता हवा होता. मतदारांनी १८३७ साली त्याला पाडले.

तो धडा त्याने घेतला, १८३९ साली पुन्हा निवडून आला, १८४१ साली राज्याच्या वरिष्ठ सभागृहात गेला आणि १८४३ पासून दहा वर्षे देशाच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसच्या प्रतिनिधी सभेत बसला.

तेथे १८४६ साली एक प्रसंग घडला. मेक्सिकोशी लढाई चालू होती. जेफरसन डेव्हिस नावाच्या जमीनदार सभासदाने लष्करी शाळेत शिकलेल्या अधिकाऱ्यांची स्तुती करताना विचारले, एखाद्या लोहाराला किंवा टेलरला अशी कामगिरी जमली असती काय? जॉन्सन उठला आणि हाताने काम करणाऱ्यांची बाजू त्याने जोरात मांडली. आदम हाच पहिला टेलर होता, असेही तो सांगून गेला. आपल्या धंद्याची लाज वाटून तो लपवणारे पुढारी पुष्कळ असतात. जॉन्सन त्यांपैकी नव्हता, आणि कारागीर त्याच्यावर जीव टाकत ते यासाठीच.

गव्हर्नरच्या खुर्चीवर

विरोधी पक्षाने मतदारसंघाच्या सीमा अशा बदलल्या की जॉन्सनला पुन्हा संसदेत जाणे अशक्य झाले. ती आखणी ज्याने केली त्या गुस्टाव्हस हेन्रीविरुद्धच तो १८५३ साली गव्हर्नरपदासाठी उभा राहिला आणि जिंकला. १८५५ साली पुन्हा जिंकला. तेथील गव्हर्नर म्हणजे आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो. तो लोकांनी निवडलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्याचा प्रमुख असतो. पण त्या काळी टेनेसीच्या गव्हर्नरला विधिमंडळाचा कायदा नाकारण्याचा अधिकार नव्हता. शिफारस करायची, पाठपुरावा करायचा आणि लोकांचा दबाव आणायचा, एवढेच त्याच्या हाती होते.

तेवढ्यावर त्याने दोन गोष्टींचा आग्रह धरला. पहिली शाळांची. जो स्वतः शाळेत गेला नव्हता त्याने सांगितले की शाळांसाठी सरळ कर बसवा. १८५४ साली तसा कायदा झाला आणि सार्वजनिक शाळांना प्रथमच राज्याच्या करातून पैसा मिळू लागला. राज्याचे ग्रंथालयही त्याच वर्षी उभे राहिले. दुसरी गोष्ट तुरुंगातील कामाची. राज्याच्या तुरुंगात कैद्यांकडून कारागिरीची कामे करून घेत आणि तो माल बाजारात येई. बिनमजुरीच्या मालापुढे बाहेरचा कारागीर टिकणार कसा? जॉन्सनने या प्रश्नावर कारागिरांची बाजू घेतली.

गव्हर्नर असतानाही त्याने सुई सोडली नव्हती. पूर्वी लोहारकाम करणाऱ्या एका न्यायाधीशाने त्याला स्वतःच्या हाताने बनवलेला लोखंडी फावडा भेट दिला, तेव्हा जॉन्सनने त्याच्यासाठी स्वतः कोट शिवून पाठवला.

येथवरची हकीकत वाचून कोणत्याही कारागिराची छाती फुलावी. गोष्ट येथेच संपली असती तर आम्ही ती मुलांच्या पाठ्यपुस्तकात घाला असे म्हटले असते.

जमीन कोणासाठी?

१८४६ सालापासून जॉन्सनने एक विधेयक लावून धरले होते. सरकारी पडीक जमीन गरीब कुटुंबांना प्रत्येकी १६० एकर याप्रमाणे फुकट द्यावी. दक्षिणेतील मोठे जमीनदार विरोधात होते. १८६० साली मंजूर झालेले विधेयक अध्यक्ष ब्युकॅनन यांनी परत पाठवले. अखेर २० मे १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन यांच्या सहीने कायदा झाला. सोळा वर्षे एका मागणीचा पिच्छा पुरवणारा असा पुढारी विरळाच.

याच सुमारास देशात यादवी पेटली. दक्षिणेतील राज्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी देशातून फुटली. १८६१ साली टेनेसीही फुटले. जॉन्सन तेव्हा सिनेटर होता. फुटलेल्या राज्यांतील सिनेटरांपैकी तो एकटाच आपल्या जागेवर बसून राहिला. तिकडे फुटीरांचा अध्यक्ष झाला तो टेलरला हिणवणारा जेफरसन डेव्हिसच. जॉन्सनचे घर शत्रूने घेतले, बायको-मुलांना बाहेर काढले. १८६२ साली लिंकन यांनी त्याला टेनेसीचा लष्करी गव्हर्नर नेमले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. गरिबीतून वर आलेल्या या टेलरने १८४० च्या दशकात गुलाम विकत घेतले होते. ८ ऑगस्ट १८६३ रोजी त्याने आपल्या घरचे गुलाम मुक्त केले. १८६४ च्या ऑक्टोबरात नॅशव्हिल शहरात मुक्त काळ्या लोकांचा मोठा जमाव त्याच्यापुढे आला, तेव्हा त्याने जाहीर सांगितले की मी तुमचा मूसा होईन आणि तुम्हांला समुद्रापलीकडे नेईन. हजरत मूसा (अ.) यांनी बनी इस्राईलला फिरऔनच्या गुलामीतून सोडवले हे आपल्याला ठाऊक आहे. किती मोठा शब्द या माणसाने दिला होता, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

कसोटी

१८६५ च्या मार्चमध्ये जॉन्सन उपाध्यक्ष झाला. एप्रिलमध्ये लिंकन यांचा खून झाला आणि १५ एप्रिलला हा टेलर देशाचा अध्यक्ष झाला. आता शब्द पाळायची वेळ होती.

लढाईच्या अखेरीस जनरल शर्मन यांनी दक्षिणेच्या किनाऱ्यावरची मोठी शेती मुक्त गुलामांना तोडून दिली होती, कुटुंबास जास्तीत जास्त ४० एकर. सुमारे ४० हजार माणसे तेथे वसली आणि पेरणीला लागली. जॉन्सनने बंडखोर जमीनदारांना माफी दिली आणि जमिनी त्यांना परत करायला लावल्या. ज्याने गोऱ्या गरिबाला १६० एकर मिळावे म्हणून सोळा वर्षे घासली, त्याने काळ्या गरिबाच्या हातातले ४० एकर काढून घेतले.

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. त्याने दक्षिणेतील राज्ये जुन्याच लोकांच्या हाती सोपवली, आणि त्या सरकारांनी मुक्त काळ्यांना जखडणारे कायदे केले. मिसिसिपी राज्याने नोव्हेंबर १८६५ मध्ये शागिर्दीचा कायदा केला. काळ्या समाजातील जी मुले अनाथ आहेत किंवा ज्यांचे आईबाप पोसू शकत नाहीत, त्यांना करारात बांधावे. मालक निवडताना पूर्वीच्या गुलाम-मालकाला पहिला हक्क द्यावा. मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत, मुलगी अठराची होईपर्यंत. आणि पळाल्यास धरून आणावे. वाचकांना राले शहरातील दहा डॉलरची जाहिरात आठवत असेल. तोच करार, तेच एकवीस वर्षांचे वय, तीच बापाविना मुले. ज्याने हे स्वतः भोगले तो आता देशाच्या सर्वोच्च जागी बसला होता.

संसदेने १८६६ साली नागरी हक्कांचे विधेयक मंजूर केले. त्यातील हक्क कोणते? करार करण्याचा, कोर्टात जाण्याचा, मालमत्ता घेण्याचा आणि विकण्याचा. व्यापारी बंधूंनी विचार करावा, याखेरीज धंदा म्हणजे दुसरे काय असते? करार पाळला नाही म्हणून कोर्टात जाता येत नसेल, दुकानाची जागा आपल्या नावावर होत नसेल, तर हातातला हुन्नर काय कामाचा? जॉन्सनने २७ मार्च रोजी ते विधेयक नाकारले. ९ एप्रिल रोजी संसदेने दोनतृतीयांश मतांनी त्याच्या नकारावर मात करून कायदा केला.

पुढे त्याचे आणि संसदेचे इतके बिनसले की संसदेचा कायदा डावलून मंत्री काढल्याच्या आरोपावरून १८६८ साली त्याच्यावर महाभियोग चालला. सिनेटमध्ये ३५ मते विरुद्ध, १९ बाजूने. दोषी ठरवायला ३६ लागत होती. एका मताने तो वाचला. १८६९ साली ग्रीनव्हिलला परतला, दोन निवडणुका हरला, पण १८७५ साली पुन्हा सिनेटर झाला आणि त्याच वर्षी ३१ जुलैला वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला देशाच्या झेंड्यात गुंडाळून, डोक्याखाली राज्यघटनेची प्रत ठेवून दफन करण्यात आले. त्याचे टेलरिंगचे दुकान ग्रीनव्हिलमध्ये स्मारक म्हणून जपलेले आहे.

खैरात आणि हक्क

कोणी म्हणेल, माणूस मुळातच दुष्ट होता. तसे नाही. १८६७ साली त्याच्याच घरचा पूर्वीचा गुलाम सॅम जॉन्सन याने ग्रीनव्हिलमध्ये काळ्यांची शाळा आणि प्रार्थनाघर बांधण्यासाठी एक एकर जमीन विकत मागितली. जॉन्सनने ती पैसे न घेता दिली. ज्याने हक्काचा कायदा नाकारला, त्याच हाताने त्याने जमीन दान केली.

आमच्या मते या हकीकतीचे सार येथे आहे. ओळखीच्या माणसाला हात देणे सोपे आहे. देणारा मोठा राहतो, घेणारा लहान राहतो आणि दोघांनाही ते चालते. अनोळखी माणसाला कायद्याने आपल्या बरोबरीला बसवणे अवघड आहे, कारण तेथे देणाऱ्याचा मोठेपणा संपतो. जॉन्सनला वरच्याचा अन्याय स्पष्ट दिसला. जमीनदाराने हिणवले तेव्हा तो वाघासारखा उठला. पण खालचा माणूस बरोबरीने यायला लागला तेव्हा तोच दार धरून उभा राहिला.

आपल्या बाजारातही हे रोज घडते. होलसेलवाला दाबतो म्हणून किरकोळ दुकानदार ओरडतो, आणि दुकानातल्या पोऱ्याचा पगार ईदपर्यंत लांबवतो. कारखानदार मजुरी कापतो म्हणून कारागीर रडतो, आणि घरी काज-बटण करणाऱ्या बायकांना तुकड्यामागे किती देतो ते विचारू नका. अशा माणसाला मत देऊन वर पाठवले तर तो धंद्याची गाऱ्हाणी जरूर मांडेल. पोऱ्याचे आणि त्या बायकांचे कोण मांडणार?

तेव्हा आपल्या धंद्यातला माणूस पुढे येत असेल तर जरूर पाठवावा. शाळांचा कर आणि तुरुंगातील माल, या दोन्ही गोष्टी टेलरलाच सुचल्या, जमीनदाराला सुचल्या नाहीत. फक्त पाठवण्यापूर्वी त्याच्या दुकानात जाऊन दोन गोष्टी पाहाव्यात. त्याच्या हाताखालचा शागीर्द काही वर्षांनी स्वतःचे दुकान टाकू शकतो काय, आणि त्याने ते टाकले तर उस्तादाला आनंद होतो काय. गिऱ्हाइकाशी तो कसा बोलतो हे सगळ्यांना दिसते. पोऱ्याशी कसा वागतो हे पाहायला थोडा वेळ दुकानात बसावे लागते, आणि मत देण्यापूर्वी तेवढा वेळ आपण काढायला हरकत नाही.